दार कोणी उघडलं? डॉ. जेम्स बर्न्स आणि मुंबईचं एक लॉज

फ्रीमेसन मंडळींच्या जुन्या इतिहासांत डॉ. जेम्स बर्न्स (१८०१–१८६२) यांच्याबद्दल एक ठरलेलं वाक्य भेटतं: त्यांनी १८४३ साली मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढून भारतीयांना प्रवेश दिला. या वाक्याचा कर्ता कोण आहे, ते जरा बघा. आजचा मुद्दा तोच आहे.

आधी थोडी ओळख. बर्न्स मूळचे स्कॉटलंडमधल्या माँट्रोझचे, कंपनी सरकारच्या मुंबई सेवेतले डॉक्टर. १८४१ मध्ये काबूलला मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स हे त्यांचे धाकटे भाऊ. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजने १८३६ मध्ये जेम्स यांना पश्चिम भारताचे प्रमुख नेमलं. लॉज म्हणजे मेसन सभासदांचं स्थानिक मंडळ. तिथे सगळे एकमेकांचे ‘बंधू’. पण नवा बंधू घ्यायचा की नाही, हे गुप्त मतदानाने ठरतं. पांढरी गोटी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार.

आता दुसरं नाव: माणेकजी करसेटजी. पुढे १८६३ मध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढणारे पारशी सुधारक ते हेच. मुंबईतल्या ‘परसिव्हिअरन्स’ या इंग्रज लॉजने त्यांना दारातच अडवलं. माणेकजी युरोपात गेले आणि पॅरिसच्या लॉजमध्ये दीक्षा घेऊन मेसन म्हणूनच परतले. आता नियमाप्रमाणे ते बंधू होते. तरीही मुंबईच्या इंग्रज लॉजचं दार बंदच!

‘रायझिंग स्टार’ निघालं ते यानंतर. बर्न्स त्याचे पहिले मास्टर. त्यांच्या सन्मानार्थ पदकही पाडलं गेलं.

बर्न्सना श्रेय द्यायलाच हवं. अधिकार हातात असूनही तो न वापरणारे पुष्कळ असतात. त्यांनी तो वापरला. पण ‘प्रवेश दिला’ या दोन शब्दांत माणेकजींची सगळी खटपट गडप होते. माझं वाचन असं आहे की पॅरिसच्या दीक्षेमुळे प्रश्नच उलटा झाला. आधी विचारत होते, ‘हा माणूस योग्य आहे का?’ आता विचारावं लागलं, ‘आपण आपलेच नियम पाळतो का?’ हा पेच माणेकजींनी घातला. बर्न्सनी त्यातून वाट काढली.

आणि ती वाट तरी कसली? जुन्या लॉजचं दार उघडलंच नाही, शेजारी नवी खोली बांधली. त्या खोलीतही सगळ्यांना जागा नव्हती. मेसन व्हायला एका परमेश्वरावर श्रद्धा लागते. हिंदू अनेक देव मानतात, असं म्हणून त्यांना पुढेही अडवलं गेलं. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये अर्ज केला. दीक्षा मिळाली १८७२ मध्ये. नऊ वर्षं! तिथेही दार आतून आपोआप उघडलं नाही, बाहेरच्याने ठोठावत राहावं लागलं.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या चरित्रात ‘यांनी त्यांना संधी दिली’ असं वाक्य आलं, तर तिथे थांबा. ती संधी मागितली कोणी, किती वेळा नकार पचवला, आणि देणाऱ्याने हातचं काय राखून ठेवलं, एवढं विचारा. चरित्रनायक त्याने लहान होत नाही. फक्त फोटोत त्याच्या शेजारी उभी असलेली माणसं दिसायला लागतात.