बाग नसलेलं उपनगर : एक पुस्तक आणि आपला आराखडा

पेट झाली की लगेच आराखड्याची घाई सुरू होते. विषय शहराच्या वाढीचा असेल, तर 'उपनगर' या शब्दाची व्याख्या शोधत आपण थेट अमेरिकेत पोहोचतो. केनेथ जॅक्सन यांचं 'क्रॅबग्रास फ्रंटियर' (१९८५) त्यासाठी सगळ्यांच्या यादीत असतंच. मालकीचं घर, भोवती हिरवळ, कामाचं ठिकाण दूर आणि वस्ती खात्यापित्या लोकांची, हे त्यातलं चित्र. न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून उभं राहिलेलं लेव्हिटाउन हे त्याचं ठळक उदाहरण.

पण एक गोष्ट नीट वाचा. हे सगळं आपोआप घडलं, असं जॅक्सन म्हणत नाहीत. स्वस्त जमीन, मोटार, सरकारी हमीची गृहकर्जं आणि त्या कर्जांतला वर्णभेद, ही कारणं ते दाखवतात. म्हणजे ती व्याख्या एका देशाच्या धोरणातून आली आहे. ती जशीच्या तशी उचलली, तर आपल्याकडचं सगळं 'अर्धवट उपनगर' वाटायला लागतं.

म्हणून निखिल राव यांचं 'हाउस, बट नो गार्डन' (२०१३) वाचा. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने दादर-माटुंग्याची शेतजमीन घेऊन रस्ते आखले, प्लॉट पाडले. तिथे बंगल्यांची रांग लागली नाही, ब्लॉकच्या इमारती उभ्या राहिल्या. चाळीतला सामाईक संडास घरात आला. आता हे साधं वाटतं, पण उच्चजातीय कुटुंबांसाठी तो सोवळ्याओवळ्याचा प्रश्न होता. राव यांची खरी ताकद इथे आहे : बाग नाही म्हणून ते मुंबईला कमी लेखत नाहीत, जे आहे त्यातूनच उपनगराचा अर्थ काढतात.

तरी दोन ठिकाणी थांबायला हवं.

पहिलं, कागद. ट्रस्टचे दस्तऐवज, मोबदल्याचे दावे, इमारतींचे नकाशे यांतून अधिकारी, जमीनमालक आणि ब्लॉकमध्ये राहणारे स्पष्ट दिसतात. जमीन कसणारं कूळ, बांधकामावरचा मजूर, तो घरातला संडास साफ करणारा माणूस यांना त्या मानाने फार थोडी जागा मिळते. मोबदल्याचा दावा मालक लावतो, शेतमजूर नाही. साधन जिथे संपतं तिथेच चित्रही संपतं.

दुसरं, शब्द. राव ज्याला उपनगर म्हणतात ते दादर-माटुंगा तेव्हाही महापालिकेच्या हद्दीतच होतं. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये वेगळा झाला. पुढे १९५० आणि १९५७ मध्ये शहराची हद्द साष्टीत सरकली. आज माटुंगा 'शहरा'त आणि अंधेरी 'उपनगरा'त. म्हणजे हा शब्द कोण, कधी आणि कशासाठी वापरतो, हाच संशोधनाचा प्रश्न होऊ शकतो.

आता आपल्या मानोऱ्याकडे या. इथे कोणी उपनगर म्हणत नाही, 'लेआउट' म्हणतात. काल तूर-सोयाबीन होतं त्या वावरात आज मुरुमाचे रस्ते आणि सिमेंटचे खांब दिसतात. मग आराखड्यात 'मानोऱ्याचे उपनगरीकरण' असं भारदस्त शीर्षक द्यायचं का? माझं मत, नको. आधी साधे प्रश्न लिहा. जमीन कोणाची होती? अकृषक परवानगी कधी मिळाली? फेरफार कोणाच्या नावे झाला? प्लॉट कोणी घेतले, गावातल्या नोकरदारांनी की बाहेरच्यांनी?

आणि सातबारावर थांबू नका. वावर बटईने किंवा मक्त्याने कसणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा त्यावर नसतंच. लेआउट पडल्यावर मालकाला पैसा मिळतो, बटईदाराचा हंगाम जातो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. ती तुम्हालाच त्याच्याशी बोलून करावी लागेल. तेवढं एक प्रकरण नीट झालं, तरी तुमच्या प्रबंधात राव यांच्या पुढचं काहीतरी असेल.