आयरिश रॅप आणि बापलेकांची भाषा

'नीकॅप' हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी वर्तमानपत्रात वाचले ते रागानेच. एप्रिल २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोचेला महोत्सवात या तिघा आयरिश रॅप गायकांनी पडद्यावर इस्राएलविरुद्ध घोषणा झळकविल्या. पुढच्याच महिन्यात, लंडनच्या एका कार्यक्रमात हिजबुल्लाचा झेंडा दाखविल्याच्या आरोपावरून त्यांच्यातील एकावर खटला भरला गेला. त्याने आरोप नाकारला, आणि सप्टेंबरमध्ये न्यायालयाने तांत्रिक कारणावरून खटला काढून टाकला. ज्यांची नातवंडे सैन्यात आहेत त्यांना त्या घोषणा वाचून काय वाटले असेल, ते आम्ही वेगळे सांगायला नको. तरीही या मंडळींवर निघालेल्या 'नीकॅप' (२०२४, दिग्दर्शक रिच पेपियाट) या चित्रपटाविषयी आम्ही लिहीत आहोत, कारण त्यातला प्रश्न आपल्या घरातला आहे. आईबापांनी जिवापाड जपलेली भाषा मुलांच्या तोंडी गेल्यावर तिचे काय होते?

हे गायक बेलफास्टचे, म्हणजे ब्रिटनच्या अमलाखालील उत्तर आयर्लंडचे. तेथील कोर्टात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा चालू नये असा १७३७ चा कायदा होता; तो रद्द करणारा कायदा २०२२ मध्ये झाला! अशा शहरात १९६९ साली काही तरुण जोडप्यांनी शॉज रोडवर स्वतःची घरे बांधली, ती केवळ मुलांना आयरिशमध्ये वाढविता यावे म्हणून. स्वतः आईबाप ती भाषा शिकून आलेले. १९७१ मध्ये त्यांनीच नऊ मुलांची शाळा काढली.

आपल्याला यात एलिएझर बेन येहुदा आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १८८२ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाच्या कानावर हिब्रूशिवाय काही पडू नये म्हणून त्यांनी घरात किती कडक बंदोबस्त ठेवला होता! आईने रशियन अंगाईगीत गायले तेव्हा ते संतापले, असे सांगतात. आणि याच मुलाने, इतामार बेन अवीने, पुढे १९२७ मध्ये वडिलांचेच चरित्र रोमन अक्षरांतल्या हिब्रूत छापले. तोवर वडील वारले होते, हे एका परीने बरेच झाले.

नीकॅपचे पहिले गाणे २०१७ चे, नाव 'हक्क' या अर्थाचा आयरिश शब्द. आयरिश भाषेच्याच सरकारी रेडिओने ते वाजवणे बंद केले, कारण त्यात शिव्या आणि अमली पदार्थ. आयरिशमध्ये अशा पदार्थांना शब्द नव्हते. या पोरांनी तपकिरीचा जुना शब्द उचलून कोकेनला लावला. तपकीर ओढणाऱ्या कुणा आयरिश आजोबांना हे ऐकून काय वाटले असेल! पण आयरिश न येणारी मुलेही आता त्यांच्या कार्यक्रमात ओळीच्या ओळी पाठ म्हणतात, हेही खरेच आहे.

चित्रपट विनोदी आणि वेगवान आहे. गायकांनी स्वतःचीच कामे केली आहेत आणि ती चांगली वठली आहेत. शाळामास्तर असलेला तिसरा गायक विद्यार्थ्यांनी ओळखू नये म्हणून तोंडावर तिरंगी बुरखा चढवतो, हा प्रकार खराच घडलेला आहे. परंतु नशा येथे केवळ गंमत म्हणून येते, तिची किंमत कुणी मोजताना दिसत नाही. ब्रिटनमध्ये तो १८ वर्षांखालील मुलांना दाखवत नाहीत, ते योग्यच.

आमच्या मते चित्रपटाचा जीव बापलेकाच्या कथेत आहे. मायकेल फासबेंडरने रंगविलेला बाप जुना बंदूकधारी. मुलाला आयरिश शिकवतो, भाषा म्हणजे शस्त्र हे मनावर ठसवतो, आणि मग मेल्याचे सोंग घेऊन घरातून नाहीसा होतो. आई घराबाहेर पाऊल टाकीत नाही. मुलाजवळ भाषा आहे, राग आहे, आणि त्या रागाला 'बस कर' म्हणणारे कुणी जवळ नाही. गाणी बिघडवतात की घर, या वादाला चित्रपटाने नकळत दिलेले उत्तर आम्हाला येथे दिसते.

खऱ्या आयुष्यातील वडील अगदी वेगळे होते. त्या गायकाचे वडील गिरोड ओ कारेलान यांनी १९८४ मध्ये आयरिश वर्तमानपत्र काढण्यात पुढाकार घेतला, नाटक मंडळी उभी केली, आयरिश भाषेच्या सर्वांत जुन्या संस्थेचे अध्यक्षपद भूषविले. डिसेंबर २०२४ मध्ये ते वारले. असा बाप दाखविला असता तर चित्रपट कमी खमंग झाला असता, पण जास्त खरा झाला असता, असे आम्हाला वाटते.

आमचे काही स्नेही म्हणतात, असली गाणी घरात नकोतच. पण ती दारातून येत नाहीत, नातवाच्या कानातल्या यंत्रातून येतात. 'हे लोक आपला एवढा द्वेष का करतात?' असे त्याने विचारले तर ते गाणे ऐकलेले माणूस घरात असावे. बंदी घालणाऱ्याला तो विचारणारही नाही. शिवाय परका बाज आपण स्वतःही घेतलेला आहे. १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या मंडळींनी शेजाऱ्यांचे कीर्तन उचलून त्यात योसेफ आणि मोशेची आख्याने रंगविली. उद्या दिमोना-अश्दोदच्या एखाद्या पोराला रॅपमध्ये मराठी ओळ घालावीशी वाटली, तर शब्द विचारायला तो सबा-सफ्ताकडेच येईल. आईबापांना तो येत असेलच असे नाही.