दरवाजावरचा माणूस

श्री. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ कादंबरीस १९९२ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो यथायोग्यच. धरणग्रस्तांच्या ससेहोलपटीचें इतकें निकट दर्शन मराठींत दुर्मिळ आहे. परंतु तिचें लक्ष भिंतीच्या वरच्या अंगास. खालचीं शहरें आणि दरवाजांवर बसलेला अधिकारी यांस मराठी कादंबरींत जागा मिळालेली मला तरी आढळली नाहीं.

वऱ्हाडकरांस ही उणीव विशेष जाणवावी. आमची पूर्णा मध्यप्रदेशांत उगम पावते, अमरावती-अकोल्याचें पाणी घेऊन चांगदेवाजवळ तापीस मिळते. तेंच पाणी हतनूरच्या धरणावरून गुजराथेंत उकाईस जातें. तेथें शेतीसाठीं जलाशय भरलेला हवा, पुरासाठीं रिता! ऑगस्ट २००६ मध्यें तापीखोऱ्यांत पाऊस कोसळला, उकाईंतून प्रचंड पाणी सोडावें लागलें व बहुतेक सुरत बुडाली. तें आधींपासून हळूहळू कां सोडलें नाहीं, यावर पुढें पुष्कळ वाद झाला. पाटलांच्या कादंबरीचा क्रोध खरा आहे. पण क्रोधास अपराधी लागतो, आणि येथें तो सहजासहजीं सांपडत नाहीं. त्या रात्रीं उकाईवर काय बोलणें झालें असेल, तें लिहावयास सुरतेचाच लेखक हवा असें नाहीं. ज्याच्या गांवचें पाणी तिकडे जातें, असा अकोल्याचा कोणी तरुणही तें लिहूं शकेल.