तत्त्व जाहीर झालं, भरपाईचं काय?

कायदा म्हटलं की आपल्याला संसद आठवते, विधिमंडळ आठवतं, कलमं आणि पोटकलमं आठवतात. आज ज्या कायद्याविषयी बोलायचं आहे तो मात्र कुठल्या सभागृहात मंजूर झालेला नाही. तो खटल्यांतून आला. दोघांचं भांडण न्यायालयात गेलं, न्यायाधीशांनी निकाल दिला, त्यामागची कारणं लिहिली आणि पुढच्या तशाच भांडणात ती कारणं बंधनकारक ठरली. यालाच आपण 'कॉमन लॉ' म्हणतो. या पद्धतीची आपल्याकडे भरपूर स्तुती होते, आणि ती बरीचशी रास्तही आहे. पण एक प्रश्न राहून जातो. निकालातून तत्त्व मिळालं, छान झालं. ज्याचं नुकसान झालं त्याच्या पदरात काय पडलं? आज एकच नियम घेऊ आणि त्याला हा प्रश्न विचारू.

गोष्ट सुरू होते इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये. रायलंड्स नावाच्या गिरणीमालकाने गिरणीसाठी तळं बांधून घेतलं. खाली जुन्या, सोडून दिलेल्या खाणींचे मार्ग होते. डिसेंबर १८६० मध्ये पाणी त्या मार्गांनी उतरलं आणि शेजारच्या फ्लेचरच्या कोळसाखाणीत शिरलं. आता अडचण बघा. काम कंत्राटदाराने केलेलं, रायलंड्सचा स्वतःचा निष्काळजीपणा काही नाही. मग भरपाई कोण देणार? १८६६ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी उत्तर दिलं. त्याचा आशय असा : स्वतःच्या फायद्यासाठी जमिनीवर धोक्याची वस्तू आणून साठवलीत, ती निसटली आणि दुसऱ्याचं नुकसान झालं, तर जबाबदारी तुमची. १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हे उचलून धरलं, पण लॉर्ड केर्न्स यांनी एक अट जोडली. जमिनीचा तो वापर 'नैसर्गिक' नसलेला हवा. पुढे अपवादही आले : दैवी आपत्ती, तिऱ्हाइताचं कृत्य, वादीची संमती वगैरे.

हा नियम आपल्याकडे कसा आला? मुंबई इलाख्यातच त्याची वाट तयार होती. १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनमध्ये म्हटलं होतं की, कायदा नाही, रूढीही नाही, तर न्यायाधीशाने न्याय, समता आणि सदसद्विवेक यांना धरून निकाल द्यावा. आता सदसद्विवेक कुणाचा? १८८७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने या शब्दांचा अर्थ सांगितला : इंग्लिश कायद्याचे नियम, पण इथल्या समाजाला आणि परिस्थितीला लागू पडत असतील तरच. या 'तरच'मध्ये सगळी गंमत आहे.

त्याआधीच, १८७४ मध्ये, मद्रास इलाख्यातला एक खटला प्रिव्ही कौन्सिलपुढे आला होता. कार्वेटिनगरमच्या जमीनदाराची तळी जोराच्या पावसात फुटली आणि रेल्वेचं नुकसान झालं. रेल्वे कंपनी म्हणाली, लावा लँकेशायरचा नियम. प्रिव्ही कौन्सिलने नकार दिला. कारण इथलं तळं म्हणजे कुणा मालकाची हौस नव्हे. शेती त्याच्यावर चालते, आणि ते राखणं हे जमीनदाराचं रूढीने आलेलं कर्तव्य आहे. तेव्हा निष्काळजीपणा दाखवा, तर भरपाई मिळेल.

दोन्हीकडे तळंच, पाणीही तेच, तरी निकाल उलटा. कॉमन लॉ वाढतो तो असा. जुना निकाल कुणी फाडून टाकत नाही. 'ते प्रकरण वेगळं, हे वेगळं' असं म्हणत, फरक दाखवत कायदा पुढे सरकतो. समाज कसा जगतो हे न्यायाधीशाला पाहावंच लागतं. ही या पद्धतीची खरी ताकद.

आता दिल्लीला येऊ. भोपाळची वायुगळती २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची. एक वर्ष उलटलं आणि ४ डिसेंबर १९८५ ला दिल्लीत श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियम वायू सुटला. वकील एम. सी. मेहता यांची त्या कारखान्याविरुद्धची याचिका आधीपासून सर्वोच्च न्यायालयात होती. डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश भगवती यांच्या पाच जणांच्या पीठाने जाहीर केलं की, शतकापूर्वीचा इंग्लिश नियम आपल्याला पुरेसा नाही. धोकादायक उद्योग चालवता, तर अपघाताची जबाबदारी संपूर्ण तुमची. कुठलाही अपवाद नाही. आणि उद्योग जितका मोठा, भरपाई तितकी मोठी.

हा निकाल कायद्याच्या वर्गांत मोठ्या अभिमानाने शिकवला जातो. पण त्याचं शेवटचं पान वाचा. श्रीराम ही खासगी कंपनी 'राज्य' या संज्ञेत बसते का, हे न्यायालयाने ठरवलंच नाही. म्हणून भरपाईही दिली नाही. ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यातर्फे योग्य न्यायालयात दावे लावा, असं विधी साहाय्य मंडळाला सांगितलं. म्हणजे तत्त्व जाहीर झालं, आणि माणसं पुन्हा रांगेत उभी राहिली.

माझा आक्षेप इथे आहे. कॉमन लॉमध्ये तत्त्वाला वजन येतं, कारण ते समोरच्या भांडणाचा निकाल लावतं. निकालाला गरज नसताना सांगितलेलं तत्त्व हे प्रासंगिक मत ठरू शकतं, आणि त्याची किंमत नंतर कुणीतरी मोजतं. इथे ती भोपाळने मोजली.

१९८८ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने मेहता निकालाचाच आधार घेऊन युनियन कार्बाइडला २५० कोटी रुपये अंतरिम भरपाई द्यायला सांगितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. सरकारचा मूळ दावा तीन अब्ज डॉलरच्या वरचा होता. ज्या अपघाताच्या सावलीत नवा नियम जन्मला, त्याच अपघातात तो कसोटीला लागला नाही. आणि १९९१ मध्ये, फेरविचाराच्या वेळी, सरन्यायाधीश रंगनाथ मिश्र यांनी मेहता निकालातलं ते विधान प्रासंगिकच आहे, असं मत नोंदवलं.

आता तुम्ही म्हणाल, लोक मरत होते, खटला वीस वर्षं चालला असता, तडजोड केली यात चूक काय? मुद्दा खरा आहे. तातडीच्या मदतीची गरज होतीच. पण मदत आणि निवाडा या दोन गोष्टी आहेत. कोणत्या तत्त्वावर किती भरपाई, हे कारणांसकट लिहिलं गेलं असतं, तर पुढच्या प्रत्येक कारखान्याला हिशेब कळला असता. तडजोडीतून रक्कम मिळते, पायंडा मिळत नाही. वाढीव भरपाईसाठीची उपचारात्मक याचिका तर मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली.

नियम मेला नाही, हेही सांगितलं पाहिजे. १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो बंधनकारक मानला. तिथल्या विहिरींचं पाणी रासायनिक कारखान्यांनी नासवलं होतं. तरी ठरलेली रक्कम वसूल व्हावी म्हणून २०११ मध्येही न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला! संसदेनेही दोष सिद्ध न करता भरपाई हे तत्त्व १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्यात घेतलं. पण मूळ कायद्यात एका मृत्यूची किंमत होती २५,००० रुपये. २०१० च्या हरित न्यायाधिकरण कायद्यातही हे तत्त्व आलं. म्हणजे न्यायाधीश वाट दाखवतात, रस्ता संसदेने बांधायचा असतो, आणि त्यावरून चालण्याची ताकद दुबळ्या माणसाला मिळाली की नाही, हे आपण बघायचं असतं.

म्हणून एक विनंती. मोठा निकाल आला की वर्तमानपत्रात त्यातली भारदस्त वाक्यं छापून येतात. ती जरूर वाचा. मग शेवटच्या पानावर जा. कुणी, कुणाला, किती आणि कधीपर्यंत द्यायचं, हे तिथे लिहिलं आहे का ते बघा. लिहिलं नसेल, तर निकाल अजून पुरा व्हायचा आहे असं समजा.