ब्रँडनिष्ठा : एका संज्ञेची चिकित्सा
(स्मार्टफोनच्या ग्राहकाच्या संदर्भात)

१

वाणिज्यशास्त्राच्या परिभाषेत 'ब्रँडनिष्ठा' ही संज्ञा आता इतकी रुळली आहे की तिच्यातील 'निष्ठा' या पदाकडे सहसा कोणी थांबून पाहत नाही. एखाद्या ग्राहकाने एका कंपनीचा स्मार्टफोन वापरला, तो जुना झाल्यावर त्याच कंपनीचा दुसरा घेतला आणि पुढे तिसराही घेतला, म्हणजे तो निष्ठावंत ठरतो. अशा ग्राहकांची संख्या मोजली की निष्ठेचे प्रमाण हाती येते, आणि मग त्या निष्ठेची कारणे शोधण्यास प्रारंभ होतो. कार्य काय आहे हे निश्चित होण्यापूर्वीच कारणांचा शोध सुरू झाल्याचे हे उदाहरण होय.

मराठीत निष्ठा हा शब्द हलका नाही. निष्ठेत निवड गृहीत असते; सोडून जाण्याची वाट मोकळी असताना न जाणे तिच्यात अभिप्रेत असते; प्रसंगी थोडा तोटा सोसण्याची तयारीही असते. सवय, घरोबा, भीड आणि नाइलाज ही तिच्या शेजारची कुळे असली तरी ती निष्ठा नव्हेत. एकाच वाण्याकडून वर्षानुवर्षे किराणा भरणाऱ्या कुटुंबाचा विचार करावा. त्या वाण्याच्या मालावर कुटुंबाचा विश्वास असेल. त्याचे दुकान केवळ कोपऱ्यावर आहे म्हणून पावले तिकडे वळत असतील. किंवा मागील बाकी त्याच्या वहीत मांडलेली असल्यामुळे दुसरीकडे जाण्याची सोयच नसेल. तिन्ही प्रसंगी गल्ल्यात पडणारा पैसा सारखाच असतो, परंतु तिन्ही संबंधांची जात निराळी असते. केवळ गल्ला मोजणाऱ्यास हा भेद दिसणार नाही.

स्मार्टफोनच्या बाबतीत निष्ठा म्हणून जे मोजले जाते, त्यात विश्वास, सवय आणि वहीतील बाकी ही तिन्ही मिसळलेली असतात. त्यांतील तिसऱ्या घटकाचा वाटा सामान्यतः मानला जातो त्याहून मोठा आहे, आणि त्याला निष्ठा हे नाव दिल्याने ग्राहकाची अगतिकता त्याच्या सद्गुणाच्या खाती जमा होते, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

२

या गोंधळाचे मूळ संज्ञेच्या इतिहासात आहे. रॉस कनिंगहॅम यांनी १९५६ साली ब्रँडनिष्ठेचे मापन केले ते अमेरिकेतील कुटुंबांच्या खरेदीच्या नोंदींवरून. साबण, कॉफी, डोकेदुखीच्या गोळ्या अशा नित्य लागणाऱ्या वस्तूंच्या त्या नोंदी होत्या. अशा वस्तूंच्या बाबतीत पुनर्खरेदी हे निष्ठेचे गमक मानण्यात फारसा दोष नव्हता. या आठवड्यात एक साबण घेणाऱ्या गृहिणीला पुढील आठवड्यात दुसरा घेण्यास काहीच आडकाठी नव्हती. जुन्या साबणात तिचे काही अडकून पडलेले नव्हते.

तरीही पुनर्खरेदी आणि निष्ठा एकच नव्हे, हे अभ्यासकांच्या लवकरच ध्यानी आले. जेकब जेकबी व डेव्हिड काइनर यांनी १९७३ साली निष्ठेची जी व्याख्या केली, तीत अनेक पर्यायांतून केलेली निवड आणि त्या निवडीमागील मानसिक प्रक्रिया या दोन गोष्टी आवश्यक मानल्या. १९९४ साली अ‍ॅलन डिक व कुणाल बसू यांनी ग्राहकाचा कल आणि त्याची खरेदी यांना एकमेकांपासून वेगळे करून चार प्रकार कल्पिले. कल अनुकूल आणि खरेदी वारंवार असेल तर ती खरी निष्ठा. कल अनुकूल पण खरेदी नाही ती सुप्त निष्ठा. खरेदी वारंवार पण कल तितकासा नाही तो निष्ठेचा आभास. आणि दोन्ही नसतील तर निष्ठेचा अभाव.

ही मांडणी विवेचक आहे. परंतु तीत एक गृहीत दडलेले आहे. ग्राहकाचा कल हा त्याच्या परिस्थितीपासून निराळा काढून तपासता येतो, असे ती मानते. स्मार्टफोनच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. ज्या यंत्रात माणसाची छायाचित्रे, पत्ते, संभाषणे, पैशाचे व्यवहार आणि विकत घेतलेले कार्यक्रम साठलेले असतात, त्याच्याविषयी त्याला 'हे आवडते का' असे विचारणे म्हणजे राहत्या घराविषयी विचारण्यासारखे आहे. जे सोडणे कठीण, ते आवडते असे मनाला पटवून घेण्याची माणसाची प्रवृत्ती असते. विल्यम सॅम्युएलसन व रिचर्ड झेकहाउसर यांनी १९८८ साली चालू स्थितीकडे असणारा मनाचा हा ओढा प्रयोगांनी दाखविला आहे. तेव्हा कलाची चाचणी घेऊनही खरी निष्ठा आणि तिचा आभास यांतील भेद स्पष्ट होईलच असे नाही.

३

मग हा भेद कसा करावा? एक मार्ग तुलनेचा आहे. जेथे भिंत नाही तेथील ग्राहक आणि जेथे भिंत आहे तेथील ग्राहक यांचे वर्तन शेजारी ठेवून पाहावे.

भारतात २००३ नंतरच्या काही वर्षांत नोकियाविषयी जी आपुलकी होती, तिला तोड नव्हती. त्या वर्षी आलेला, विजेरी असलेला ११०० हा साधा फोन जगभरात पंचवीस कोटींहून अधिक विकला गेला. २००७ च्या सुमारास जगात विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनांपैकीही जवळजवळ निम्मे नोकियाचे होते. परंतु या आपुलकीभोवती भिंत नव्हती. नावे आणि क्रमांक सिमकार्डावर असत. कार्ड काढून दुसऱ्या फोनात घातले की स्थलांतर बव्हंशी पूर्ण होई. अँड्रॉइडचे फोन स्वस्त होताच ग्राहक निघाले, आणि २०१४ साली नोकियाचा फोनव्यवसाय मायक्रोसॉफ्टच्या हाती गेला. आपुलकी मात्र गेली नाही. ३३१० हा जुना फोन २०१७ साली नव्या रूपात आला तेव्हा त्याचे कौतुक झाले. पण कौतुक करणाऱ्यांनी हातातला फोन टाकला नाही. डिक व बसू यांच्या परिभाषेत ही सुप्त निष्ठा होय. स्नेह आणि खरेदी यांची वाट किती सहज वेगळी होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

त्यानंतरचे चित्र अधिक उद्बोधक आहे. भारतातील अँड्रॉइडचा ग्राहक मायक्रोमॅक्सकडून सॅमसंगकडे, सॅमसंगकडून शाओमीकडे आणि पुढे विवोकडे फारशा खंतीवाचून गेला. २०१७ च्या अखेरीस शाओमीने भारतात सॅमसंगला मागे टाकले, ते या चंचलतेच्या बळावर. या ग्राहकाला निष्ठाहीन म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्याने फोनवरील कंपनीचे नाव बदलले तरी गूगलचे खाते बदललेले नसते. पत्ते, छायाचित्रे आणि टपाल त्या खात्यासह नव्या फोनात येतात. कंपन्यांच्या कोष्टकात जो चंचल दिसतो, तोच प्रणालीच्या कोष्टकात एकनिष्ठ दिसतो. एकाच माणसाच्या एकाच वर्तनाला दोन परस्परविरुद्ध नावे मिळतात. फरक ग्राहकाच्या स्वभावात नसून भिंत कोठे उभी आहे यात असतो.

अमेरिकेतील आयफोनच्या ग्राहकाची भिंत निराळी आहे. अ‍ॅपलने २०११ साली आयमेसेज ही संदेशव्यवस्था आणली. तीत आयफोनधारकांना आपसांतील संदेश निळे दिसतात आणि अँड्रॉइडधारकाशी चालणारे हिरवे. हिरव्या संदेशाबरोबर चांगल्या चित्रांची आणि गटसंभाषणातील अनेक सोयींची उणीवही येत असे. एपिक या कंपनीने लावलेल्या दाव्याच्या निमित्ताने २०२१ साली अ‍ॅपलच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांमधील पत्रव्यवहार उजेडात आला. आयमेसेज अँड्रॉइडवर दिल्यास आयफोन वापरणाऱ्या कुटुंबांतील मुलांना अँड्रॉइडचे फोन घेऊन देण्यातील अडसर दूर होईल, अशी चिंता त्यात व्यक्त झाली आहे. ज्याला अभ्यासक निष्ठा म्हणतात, त्याला निर्माते खासगीत अडसर म्हणत होते, ही गोष्ट संज्ञेच्या चिकित्सकास दुर्लक्षिता येणार नाही.

भारतात ही विशिष्ट भिंत जवळजवळ नाही, कारण येथील संभाषण व्हॉट्सअ‍ॅपवर चालते आणि ते दोन्ही प्रकारच्या फोनांत सारखेच असते. तथापि आयफोन आणि अँड्रॉइड यांमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरील जुनी संभाषणे नेण्याची अधिकृत सोय २०२१ व २०२२ पर्यंत नव्हती. निवर्तलेल्या आप्ताचे अखेरचे संदेश ज्याच्या फोनात आहेत, त्याला ही अडचण कोणत्याही किमतीहून मोठी वाटणे स्वाभाविक आहे.

पॉल क्लेम्परर यांनी १९८७ साली बदलाच्या खर्चाचे विवेचन करताना व्यवहाराचा खर्च, नव्याने शिकण्याचा खर्च आणि विक्रेत्याने मुद्दाम निर्माण केलेला खर्च असे प्रकार दाखविले. स्मार्टफोनात हे तिन्ही एकवटले आहेत. मराठेशाहीच्या अभ्यासकास ही स्थिती अपरिचित वाटू नये. मोगलांशी चाललेल्या दीर्घ संघर्षात अनेक वतनदारांनी वतन राखण्यासाठी पक्ष बदलले. त्यांची ओढ धन्यापेक्षा वतनाकडे होती. आज्ञापत्रात वतनदारांचा स्वतंत्र विचार करावा लागला तो याच कारणाने. स्मार्टफोनच्या ग्राहकाचेही एक वतन असते, आणि ते ज्याच्या प्रदेशात आहे त्याची चाकरी तो करतो.

४

येथवरच्या विवेचनावरून खरी निष्ठा नसतेच, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे होईल. अल्बर्ट हर्शमन यांनी 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' या १९७० सालच्या ग्रंथात दाखविले की, असंतुष्ट माणसापुढे निघून जाणे आणि आवाज उठविणे असे दोन मार्ग असतात. निष्ठा निघून जाणे लांबणीवर टाकते आणि आवाजाला बळ देते. या कसोटीवर दोन प्रसंग तपासण्यासारखे आहेत.

जुनी झालेली बॅटरी असलेल्या आयफोनांचा वेग अ‍ॅपल कमी करते, हे डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने मान्य केले. ग्राहकांत संताप उसळला. कंपनीस क्षमायाचना करावी लागली, बॅटरी बदलण्याची किंमत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणावी लागली, आणि २०२० साली ५० कोटी डॉलरपर्यंतची भरपाई मान्य करावी लागली. ग्राहकांनी आवाज उठविला, पण त्यांतील बहुसंख्य राहिले. हर्शमन यांच्या अर्थाने ही निष्ठा म्हणता येईल. परंतु जाण्याची वाट महाग होती हेही तितकेच खरे. ज्याला जाता येत नाही तोही ओरडतोच. म्हणून हा पुरावा संदिग्ध राहतो.

दुसरा प्रसंग सॅमसंगचा आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या गॅलक्सी नोट ७ या फोनाच्या बॅटऱ्या पेटू लागल्या आणि ऑक्टोबरमध्ये त्याचे उत्पादनच थांबवावे लागले. सॅमसंगच्या ग्राहकास अन्य कंपनीच्या अँड्रॉइड फोनाकडे जाणे तुलनेने सोपे होते. त्याचे खाते त्याच्याबरोबर गेले असते. तरीही २०१७ साली सॅमसंग जगातील सर्वाधिक स्मार्टफोन विकणारी कंपनी राहिली. दुकानांचे जाळे, जाहिरात यांचा त्यात वाटा असणारच. तथापि ठेंगण्या भिंतीच्या आत, इतक्या गंभीर दोषानंतरही, जे ग्राहक राहिले, त्यांच्या राहण्याला विश्वास हे नाव देण्यास अधिक आधार आहे. अ‍ॅपलच्या उदाहरणाहून हे उदाहरण गाजावाजा कमी असलेले, परंतु पुरावा म्हणून अधिक मोलाचे आहे.

आत्मीयतेचाही विचार केला पाहिजे. वस्तू ही माणसाच्या स्वत्वाचा विस्तार होते, असे रसेल बेल्क यांनी १९८८ साली प्रतिपादिले. एका छापाभोवती आपलेपणाची जाणीव, रूढी आणि परस्परांविषयी जबाबदारी असणारा समुदाय कसा उभा राहतो, हे अल्बर्ट म्युनिझ व थॉमस ओगुइन यांनी २००१ साली, मॅकिंटॉश संगणकाचे उदाहरणही घेऊन, दाखविले. ही आत्मीयता खोटी नव्हे. शिवाय भिंतीच्या आतील सोयही खरी असते: घड्याळ, कर्णयंत्रे आणि फोन यांचा मेळ, वर्षानुवर्षे मिळणाऱ्या सुधारणा, जुन्या यंत्राला येणारी किंमत. सुधारणांच्या बाबतीत गूगलने २०२३ च्या अखेरीस आणि सॅमसंगने २०२४ च्या आरंभी आपल्या वरच्या श्रेणीतील फोनांसाठी सात वर्षांची हमी दिली. ग्राहकाचा विश्वास भिंतीवाचूनही मिळविण्याचा मार्ग आहे, हे त्यावरून दिसते.

५

वरील विवेचनाचा निष्कर्ष एवढाच की, दार बंद असताना आत बसलेल्यांच्या संख्येवरून निष्ठा मोजता येत नाही. दार उघडल्यावर जे राहतात, त्यांच्याविषयीच हा शब्द वापरणे युक्त होय. अशी दारे उघडण्याचे प्रसंग अभ्यासकासाठी अमोल असतात. भारतात २० जानेवारी २०११ पासून क्रमांक न बदलता दूरध्वनीसेवा बदलण्याची मुभा देशभर मिळाली. त्या दिवसापूर्वी सेवाकंपनीशी चिकटून राहणे आणि त्या दिवसानंतर राहणे, यांना एकच नाव देणे चुकीचे ठरेल. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारविषयक कायद्यातील बंधने ७ मार्च २०२४ पासून अ‍ॅपल, गूगल आदी कंपन्यांस लागू झाली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्यायखात्याने अ‍ॅपलविरुद्ध दावा दाखल करून बदलाची वाट बिकट केल्याचा आरोप ठेवला. सप्टेंबर २०२४ मध्ये अ‍ॅपलने अँड्रॉइडशी होणाऱ्या संदेशांसाठी आरसीएस ही सुधारित पद्धत स्वीकारली. चित्रे नीट जाऊ लागली, रंग मात्र हिरवाच राहिला.

या घटनांच्या पूर्वीचे आणि नंतरचे वर्तन ताडून पाहणे, हे या विषयातील संशोधनाचे पुढील कार्य आहे. प्रश्नावलीत 'पुढील फोन याच कंपनीचा घ्याल काय' या प्रश्नाबरोबर 'सर्व साठा एका दिवसात, विनाखर्च दुसरीकडे नेता आला तर काय कराल' हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे. दोन उत्तरांतील अंतर ही वहीतील बाकी होय. उरेल ती निष्ठा. ती अल्प निघाली तरी तिचे मोल कमी होणार नाही. उलट, ती ज्याने मिळविली असेल त्याला ती कष्टाने मिळाली असे म्हणता येईल, आणि ज्याने भिंत बांधली त्याला निष्ठेचा मान फुकट मिळणार नाही.