आरोपी खरा, कलम चुकीचे

नवतपा लागला की आमच्या ऊर्जानगरात एक खटला उभा राहतो. चहाच्या टपरीवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात. आरोपी ठरलेला असतो: चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची चिमणी. पारा पंचेचाळीस ओलांडतो आणि कोणीतरी चिमणीकडे बोट करून म्हणतो, ‘हीच आपल्याला भाजून काढते आहे.’

मीही अनेक वर्षे हेच म्हणत होतो. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो. १९८३ साली पहिला संच सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. पुढे विज्ञानाची पदवी नसताना, मिळेल ते वाचून मी पर्यावरणावर बोलू लागलो. एका शाळेत ‘चंद्रपूर का तापते?’ या विषयावर बोलत असताना एका मुलीने विचारले, ‘सर, मग ब्रह्मपुरी का तापते? तिथे तर चिमणी नाही.’ मला उत्तर देता आले नाही. हा लेख त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

तीन प्रश्नांची गल्लत

आपल्या सार्वजनिक वादात तीन वेगळे प्रश्न एकाच पिशवीत कोंबलेले असतात. पहिला, इथला उन्हाळा मुळात कडक का? दुसरा, शहर आसपासच्या रानापेक्षा जास्त का तापते? तिसरा, तापमान दशकागणिक वाढत का आहे?

पहिल्याचे उत्तर भूगोलात आहे. चंद्रपूर समुद्रापासून दूर आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम १९० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात आकाश निरभ्र असते, माती कोरडी असते आणि वायव्येकडून तापलेले वारे येतात. ब्रह्मपुरीलाही हेच लागू होते. दुसऱ्याचे उत्तर सिमेंट, डांबर, उघड्या खाणी, मातीचे ढिगारे आणि तुटलेली सावली यांत आहे. तिसऱ्याचे उत्तर मात्र जिल्ह्याच्या हद्दीत सापडत नाही.

चिमणीपक्षाचा दावा मी आकड्यांवर तपासून पाहिला. वीज केंद्राची आजची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. अशा केंद्रात कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण ३५ टक्क्यांची वीज होते. म्हणजे पूर्ण भाराने चालताना सुमारे साडेपाच हजार मेगावॉट उष्णता वाया जाते, तीही बरीचशी शीतक मनोऱ्यांतून वाफेच्या रूपाने. आकडा भयंकर वाटतो. पण भर दुपारी एका चौरस किलोमीटरवर सूर्य सुमारे ९०० मेगावॉट ओततो. म्हणजे केंद्राची सारी वाया उष्णता सहा चौरस किलोमीटरांवरच्या उन्हाएवढी झाली. चंद्रपूर जिल्हा ११,४४३ चौरस किलोमीटरांचा आहे. केंद्राच्या कुंपणालगत फरक पडत असेल; जिल्हा त्याने तापत नाही.

मग चिमणी निर्दोष? मुळीच नाही. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज करताना सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पूर्ण भारावर हे प्रमाण ताशी तीन हजार टनांच्या जवळ जाते. हा वायू ऊर्जानगरावर ठाण मांडून बसत नाही. तो जगभर पसरतो आणि त्याचा मोठा भाग शतकानुशतके हवेत राहतो. आमच्या चिमणीचा ताप सोलापूरला आणि सायबेरियालाही पोचतो. त्यांच्या धुराचा ताप आम्हाला. चिमणीवरचा गुन्हा खरा आहे, आपण लावलेले कलम चुकीचे आहे.

‘उन्हाळे पूर्वीही होते’

दुसरा पक्ष म्हणतो की हे निसर्गचक्र आहे. या पक्षाची टिंगल करण्याची रीत मला पटत नाही, कारण हवामान पूर्वीही बदलले हे खरेच आहे. पण आजच्या बदलाचे कारण तपासता येते. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. तीत वाढीचा कल नाही. सूर्य कारण असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि स्थितांबर थंड होत आहे. हे असे होईल, हे मनाबे आणि वेदराल्ड यांनी १९६७ मध्येच गणिताने मांडले होते.

दुसरा पुरावा तर आमच्या पायाखालच्या दगडाचा आहे. वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवन काळातला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. इतक्या काळात त्यातला किरणोत्सारी कार्बन-१४ पूर्ण संपलेला असतो. असा कोळसा जाळला की हवेतल्या कार्बन-१४चे प्रमाण पातळ होते. हान्स स्यूस यांनी १९५५ मध्ये झाडांच्या वलयांत हीच खूण दाखवली. ज्वालामुखींच्या कार्बनमध्येही कार्बन-१४ नसतो, पण त्यांचे उत्सर्जन मानवी उत्सर्जनाच्या शंभरांत एकही भरत नाही.

तिसरा पक्ष झाडांचा. गडचिरोलीत दोन-तृतीयांशाच्या आसपास भूभागावर आजही जंगल आहे. ते टिकलेच पाहिजे. सावलीने गल्ली थंड होते, हेही खरे. पण वृक्षारोपणाचा फोटो कोळशाची पावती ठरू शकत नाही.

चौथा पक्ष श्रीमंत देशांकडे बोट दाखवतो. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच जगण्यासाठीचे आणि चैनीसाठीचे उत्सर्जन यांत भेद करायला सांगितले. तो न्याय्यच आहे. माझी हरकत एवढीच, की तो भेद आपण देशाच्या सीमेवर थांबवतो. पन्नास अंशांत राखेच्या ट्रकवर बसणारा मजूर आणि आमच्या विजेवर महानगरात चोवीस तास थंड राहणारे कार्यालय यांच्यातही तो लावायला हवा.

वादाचे नुकसान

अमेरिकेत तेल-कोळसा उद्योगांच्या पैशावर शंका पिकवली गेली. आपल्याकडे हवामानबदल नाकारणारे थोडे. कारण दुसऱ्याच्या अंगणात टाकणारे फार. दोन्हींचे फळ एकच: काही करावे लागत नाही.

यात एक विचित्र गोष्टही आहे. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले आणि हवेतल्या सूक्ष्म कणांनी ही वाढ काही अंशी झाकली. म्हणजे ज्या धुरकटपणाला आपण उन्हाचे कारण समजतो, तो ऊन थोडे अडवतच असतो. उद्या चिमणीचा धूर दिसेनासा झाला तर आपण खटला जिंकल्याचा जल्लोष करू. कार्बन मात्र, डोळ्यांना दिसत नसल्यामुळे, तसाच निघत राहील.

म्हणून कलमे वेगळी लावावीत. २००९ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते. ती धूळ, ती राख, ते पाणी यांचा जाब इथेच, स्थानिक पातळीवर विचारावा. उष्माघाताने माणूस मरतो त्याचे उत्तर ‘जग तापते आहे’ हे नव्हे. अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये कृती आराखडा केला. तशी सावली, पाणी, कामाच्या बदललेल्या वेळा हे आपल्या हातातले आहे. आणि कार्बनचा प्रश्न विचारायचा तो एका चिमणीला नव्हे, कोळशावर उभ्या असलेल्या वीजधोरणाला. कोळसा थांबेल तेव्हा या वसाहतीतली घरे कशावर चालतील, हेही त्याच प्रश्नात विचारावे लागेल. माझे शिक्षण याच कोळशाच्या पगारावर झाले. हा भाग मी गाळू शकत नाही.

ती मुलगी आता कुठे असेल माहीत नाही. भेटली तर सांगीन: ब्रह्मपुरी तापते ती ब्रह्मपुरीच्या भूगोलामुळे. पण उद्या ती आजच्यापेक्षा जास्त तापेल, त्यात आमच्या चिमणीचा वाटा आहे.