समुद्रतळाची साक्ष

स्वीडनच्या बुडालेल्या युद्धनौकांचा शोध लागल्याच्या वार्ता गेल्या काही वर्षांत वारंवार येत आहेत. अशी वार्ता आली की, जुन्या ओकच्या फळ्या, तोफा आणि नाणी यांच्या वर्णनात वाचक रंगून जातो. आम्हांला त्या कौतुकाचा हेवा नाही. परंतु शोधाचे मोल सापडलेल्या वस्तूवर ठरत नसून, सापडल्यानंतर तिच्याशी आपण कसे वागलो यावर ठरते. आणि त्या कसोटीने पाहता या साऱ्याच प्रयत्नांना सारखे गुण देता येत नाहीत.

प्रथम निसर्गाचे ऋण मान्य केले पाहिजे. बाल्टिक समुद्राचे पाणी इतके कमी खारट आहे की, लाकूड पोखरणारा समुद्री किडा तेथे जगत नाही. आपल्या किनाऱ्यावरील नाखव्यांना ज्याचा उपद्रव ठाऊक आहे, तो किडा तेथे नसल्यामुळेच तीन-चार शतकांपूर्वीची लाकडी जहाजे त्या तळाशी बव्हंशी अभंग राहिली. आंदर्स फ्रान्सेन या संशोधकाने हे मर्म ओळखले, आणि १९५६ साली स्टॉकहोमच्या बंदरात त्याच्या साध्या उपकरणाला काळ्या ओकचा तुकडा लागला. ती होती 'वासा'.

'वासा'ची कथा कायद्याच्या माणसाला विशेष विचार करावयास लावणारी आहे. राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ याच्या आज्ञेने बांधलेली ही ६४ तोफांची नौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच प्रवासात, जेमतेम १३०० मीटर गेल्यावर, वाऱ्याच्या झोताने कलून बुडाली. त्यापूर्वी तीस माणसांना डेकवरून इकडून तिकडे धावावयास लावून तिचा तोल पाहण्यात आला होता. नौका भयंकर डोलू लागताच नौदलाधिकारी क्लास फ्लेमिंग याने ती परीक्षा थांबविली, परंतु प्रवास मात्र थांबविला नाही. पुढे चौकशी बसली. कप्तानाने शपथेवर सांगितले की, तोफा पक्क्या बांधलेल्या होत्या. मूळ जहाजबांध्या हेनरिक हिबर्टसन आदल्याच वर्षी वारला होता. मापांना राजाची संमती होती. आणि राजाला दोषी ठरविणारे न्यायासन त्या देशात नव्हते. कोणालाही शिक्षा झाली नाही.

१९६१ साली ती नौका वर आली, तेव्हा ३३३ वर्षांनी मुख्य साक्षीदारच न्यायासनासमोर उभा राहिला, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच्या साक्षीने कप्तान निर्दोष ठरला: पाण्याच्या वरचा भागच प्रमाणाबाहेर जड होता. नौकेत कारागिरांच्या चार मोजपट्ट्याही सापडल्या. त्यांपैकी दोन स्वीडिश फुटाच्या आणि दोन आम्स्टरडॅमच्या, तुलनेने आखूड, फुटाच्या होत्या. एकाच जहाजावर दोन मापे चालत होती, हे एवढ्या स्पष्टपणे कोणत्याही दप्तराने सांगितले नसते.

मग वर काढणे हाच उत्तम मार्ग, असा निष्कर्ष काढावा काय? आम्हांला तसे वाटत नाही. पाण्याबाहेर आलेले लाकूड आकसून फुटू नये म्हणून 'वासा'वर सतरा वर्षे रासायनिक द्रावणाची फवारणी करावी लागली. पुढे लाकडात साठलेल्या गंधकापासून आम्ल तयार होत असल्याचे आढळले. गंजणारे पाच हजारांहून अधिक लोखंडी खिळे बदलावे लागले. समुद्राने तीन शतके विनामूल्य सांभाळलेली वस्तू माणसाच्या हाती आली, आणि तिची शुश्रूषा कायमची मागे लागली. एका नौकेसाठी हे करता आले. प्रत्येक नौकेसाठी ते करणे कोणत्याही राष्ट्राला झेपणारे नाही.

या प्रश्नाचे खरे उत्तर 'एप्लेट'ने दिले आहे, असे आमचे मत आहे. ही 'वासा'ची भगिनी. ती १६२९ साली पाण्यात उतरली आणि १६५९ साली वाक्सहोल्मजवळ जलमार्ग अडविण्यासाठी मुद्दाम बुडविण्यात आली. २०१९ साली त्याच परिसरात दोन जहाजे सापडली, तेव्हा त्यांतील एक 'एप्लेट' असावी असा तर्क झाला; पण पुराव्यावरून ती १६४८ सालची 'अपोलो' आणि 'मारिया' ठरली. संशोधकांनी तो तर्क मागे घेतला आणि शोध चालूच ठेवला. २०२१ अखेरीस खरी 'एप्लेट' सापडली, व तिचे लाकूड १६२७ साली, 'वासा'चे लाकूड जेथून आले त्याच प्रदेशात तोडलेले असल्याचे सिद्ध झाल्यावर २०२२ साली तिचे नाव जाहीर झाले. पुरावा हाती येण्यापूर्वी निकाल देऊ नये, हा नियम येथे कसोशीने पाळला गेला. मापे घेता 'एप्लेट' ही 'वासा'पेक्षा रुंद निघाली. म्हणजे जी चूक 'वासा'ने दाखविली, ती सुधारण्याचा प्रयत्न 'एप्लेट'च्या बांधणीत दिसतो. आणि ही साक्ष घेण्यासाठी तिला जागेवरून हलवावेही लागले नाही.

'मार्स'विषयीही असेच म्हणता येईल. १५६४ सालच्या मे महिन्यात ओलंड बेटाजवळील लढाईत ही महानौका आग लागून शेकडो माणसांसह बुडाली. २०११ साली ती सुमारे ७५ मीटर खोलीवर सापडली. असंख्य छायाचित्रे जुळवून तिची संपूर्ण प्रतिमा तयार करण्यात आली; नौका मात्र जेथल्या तेथे राहिली. ती नौका आहे, तशीच ती स्मशानभूमीही आहे, याचे भान त्या संयमात आम्हांला दिसते.

तेच भान 'वासा'च्या संग्रहालयात मात्र उणे पडते, असे आम्हांला खेदाने नमूद करावे लागते. नौकेत सापडलेल्या अस्थींचे १९६३ साली स्टॉकहोममध्ये विधिपूर्वक दफन झाले होते. १९८९ साली त्या पुन्हा उकरून काढण्यात आल्या, आणि आज त्यांतील सांगाडे प्रेक्षकांसमोर मांडलेले आहेत. या कृत्याची दुसरी बाजू आम्ही लपवीत नाही. ज्या सांगाड्याला वर्षानुवर्षे 'गुस्ताव' म्हटले जात होते, तो स्त्रीचा असल्याचे २०२३ साली जनुकीय परीक्षणाने सिद्ध झाले. अस्थी मातीतच राहत्या, तर ती स्त्री पुरुषाच्या नावानेच विसरली गेली असती. परंतु अभ्यासाचा अधिकार आणि प्रदर्शनाचा अधिकार हे दोन भिन्न अधिकार आहेत. पहिला सत्यासाठी मागता येतो. दुसऱ्यासाठी मृताची संमती लागते, आणि ती मिळविण्याचा मार्ग नाही. परीक्षण संपले की अस्थी पुन्हा भूमीच्या स्वाधीन कराव्यात. ज्याचा अंत्यविधी एकदा झाला, त्याला पुन्हा पाहुण्यांसमोर बसवू नये, एवढी मर्यादा पाळावयास कोणताही विशिष्ट धर्म लागत नाही.

गोव्याच्या वाचकांना हा प्रश्न अगदीच परका नाही. सुंची खडकाजवळ पोर्तुगीज काळातील बुडालेल्या जहाजाचे अवशेष आपल्या समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी धुंडाळले आहेत. आपले पाणी उष्ण आणि खारट. तेथे लाकूड फारसे उरत नाही, उरतात त्या तोफा, नांगर आणि खापरे. म्हणूनच प्रत्येक वस्तूची जागा टिपून ठेवणे आपल्याकडे अधिकच अगत्याचे आहे. जागेवरून उचललेली तोफ शोभेची वस्तू होते; जागेवर मोजलेली तोफ पुरावा असते.

स्वीडनने जगाला दोन धडे दिले आहेत. 'वासा'चा धडा डोळे दिपविणारा आहे, आणि तो लाखो लोकांनी पाहिला आहे. 'एप्लेट'चा धडा पाण्याखालीच राहिला आहे. परंतु अनुकरणीय तोच होय.